शिरपूरची बाटली

सुकलालनाना कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती उजेडाकडे धरायचे. दूध तर धरायचेच, तो त्यांचा धंदाच होता. पण रॉकेल, मध, खोबरेल, धोतराचं नवं पान, पूजेचं तीर्थ, काही म्हणजे काही सुटायचं नाही. माझ्या थोरल्याच्या बारशाला आले तेव्हा त्यांनी बाळाला दोन्ही हातांत घेतलं, सरळ खिडकीपाशी नेलं आणि त्याचा कान उजेडात धरून बघितला. कान गुलाबी दिसला. "चोख शे," म्हणाले, आणि बाळ माझ्या मांडीवर परत ठेवलं. सासूबाई फणकारल्या, "मेल्याला बाळ कोणतं नि दूध कोणतं तेही कळत नाही!" मला मात्र त्या दिवसापासून हा माणूस आवडला. बाकीच्या बायकांनी नाक कोणाच्या वळणावर गेलंय यावरच डोकं खाल्लं होतं; माझ्या लेकाला चोख म्हणणारा हा पहिलाच.

आम्ही तेव्हा धुळ्यात, एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत राहायचो. आमचे हे शाळेत मास्तर. मी सावद्याची, केळीच्या बागांतली, त्यामुळे नाना मला "सावदानी ताई" म्हणत. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत ठाऊक होतं की नाही, देव जाणे. त्यांचा गोठा पांझरेच्या पलीकडे देवपुरात होता. पहाटे धारा काढून सायकलला दोन्ही बाजूंना पितळी कॅन अडकवून नाना पूल ओलांडून यायचे. उंच, काटकुळे, डोक्याला पांढरी टोपी, आणि डावा डोळा कायम अर्धा मिटलेला. सारखं उजेडाकडे बघून बघून तो तसाच राहिला असं आमच्या गल्लीचं मत होतं.

"उजेडमा धरा, बठ्ठं दिसस!" हे त्यांचं पालुपद. आमच्या खान्देशात 'आहे'ला 'शे' म्हणतात आणि 'सगळं'ला 'बठ्ठं'. एवढं ठाऊक असलं की नाना समजायला काही अडचण नाही. उधार मागणारा असो, लग्नाचं स्थळ असो, निवडणुकीचा उमेदवार असो, नानांचा सल्ला एकच. उजेडमा धरा.

दुधात पाणी घालणं या गोष्टीचा त्यांना इतका संताप होता की काय सांगू. उन्हाळ्यात म्हशी आटल्या तर नाना प्रत्येक घरी माप कमी घालायचे, वर शिव्या खायचे, पण कॅनला पाण्याचा थेंब लागू द्यायचे नाहीत. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण दुसऱ्याच्या दुधातलं पाणी दिसलं तरी त्यांना गप्प बसवायचं नाही. अंगठ्याच्या नखावर दुधाचा थेंब ठेवायचा, तो ओघळला की झालं, तिथल्या तिथे निकाल! एकदा सत्यनारायणाला गेले. गुरुजींनी पंचामृताची पळी हातावर घातली. नानांनी ते उजेडात धरलं आणि भर पूजेत म्हणाले, "गुरुजी, देवनाबी डोया शेत." डोया म्हणजे डोळे. यजमान बाई लालबुंद. पुढे कितीतरी दिवस गल्लीत पूजा असली की नानांना बोलावणं प्रसाद वाटून झाल्यावर जायचं.

आम्ही हसायचो. तेव्हा आम्हाला कुठे ठाऊक, की ही जीभ त्या माणसाला केवढ्याला पडणार आहे.

नानांना एकच मुलगी, वच्छी. गोठ्यात नाना, त्यांची बायको अक्का आणि वच्छी, तिघांचंच राज्य. वच्छी धार काढायला बसली की म्हैस शेपूटसुद्धा हलवायची नाही. कधीकधी नानांबरोबर गल्लीत यायची, माप घालताना बडबड करायची, आणि हसली की चार घरं पलीकडे ऐकू जायचं. नाना तिला "हळू हस वं" म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. तिला शिरपूरला दिली. कापूस पिकवणारं चांगलं घर, नवरा शांत, सासू मायाळू. सासरा तेवढा मानी. मानी म्हणजे किती, तर टोपी न घालता आरशातसुद्धा बघायचा नाही.

लग्नानंतरची पहिली आखाजी आली. आखाजी म्हणजे आमच्याकडे लेकींचा सण. दिवाळीला नाही आली तरी चालवून घेतील, पण आखाजीला लेक माहेरी पाहिजे. निंबाला झोके बांधायचे, गौराईची गाणी म्हणायची, सांजोऱ्या खायच्या आणि सासूच्या नावाने पोटभर बोलून घ्यायचं. लेकीला आणायला माहेरचं माणूस जातं. वच्छीला भाऊ नाही, म्हणून नाना स्वतः गेले. नवं धोतर, नवी टोपी, हातात सांजोऱ्यांचा डबा.

व्याह्यांनी थाटात स्वागत केलं. भाऊबंद जमवले, ओसरीवर सतरंजी टाकली आणि नानांचा धंदा लक्षात घेऊन मुद्दाम चहाऐवजी दूध दिलं. केशर घातलेलं, कपात. आता इतक्या माणसांना दूध पुरवायचं म्हणजे घरातल्या बाईने काय करायचं ते केलं होतं. कुठल्या घरात करत नाहीत, सांगा मला! पण नानांनी कप घेतला, नखावर थेंब ठेवला, थेंब ओघळला, आणि भरल्या ओसरीत त्यांच्या तोंडून निघून गेलं, "याही, हाई दूध शे का धोवन शे?"

धोवन म्हणजे भांडी विसळलेलं पाणी.  आत स्वयंपाकघरात वच्छीच्या हातातली पळी खाली पडली म्हणे.

व्याही उठून उभे राहिले. "तुम्हना त्या पितळना कॅन! त्यामा काय ऱ्हास ते कोनी देखेल शे? आधी सोतानं दूध जगले दखाडा, मंग आंडेर लेवाले या!"

आंडेर म्हणजे लेक. नाना सांजोऱ्यांचा डबा तसाच काखेत घेऊन एकटे परत आले. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, काही लपवलं नाही. दारात उकिडवे बसून सांगत होते आणि स्वतःच्याच तोंडावर चापट्या मारत होते. "हाई जीभ, ताई, हाई मन्ही जीभ!"

मी म्हटलं, "अहो, मग जाऊन माफी मागा की."

"मांगी ना! दोनदा मांगी. ते म्हनस, माफी नको. चार मानसंमा सांग, का ते दूध चांगलं व्हतं." नानांनी माझ्याकडे पाहिलं. "ते कसं सांगू, ताई? पानी व्हतं ना!"

आता या माणसापुढे कपाळ आपटावं की त्याच्या पाया पडावं? लेकीचा बाप होता, कासावीस झाला होता, हात जोडायला तयार होता, टोपी व्याह्याच्या पायावर ठेवायला तयार होता. फक्त पाण्याला दूध म्हणणं त्याला येत नव्हतं. शिकवलंच नव्हतं कोणी.

मग नानांनी व्याह्यांचा शब्द खराच मनावर घेतला. जगाला दूध दाखवायचं ना? दाखवतो! त्यांनी चांदी नावाची म्हैस विकली. अक्का दिवसभर दावं हातात घेऊन रडत होत्या. आणि बाजारपेठेतल्या एका शेठजींच्या ओळखीने रेल्वेने पेट्याच्या पेट्या आल्या. पेंढ्यात गुंडाळलेल्या काचेच्या बाटल्या! मुंबईला सरकारी दूध बाटल्यांतून मिळतं हे आम्ही ऐकून होतो. पण धुळ्यात, देवपुरातल्या गोठ्यात? लोक म्हणाले, सुकलाल लेकीपायी खुळावला.

पहिल्या दिवशी नाना गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले, एक भरलेली बाटली सूर्यापुढे धरली आणि ओरडले, "या, देखा! काचमा काय लपस?" बाटलीला मेणकागदाची टोपी, तिला दोरा गुंडाळलेला. बायका गोळा झाल्या. नानांनी बाटली तिरकी करून सरळ केली. "देखा, चांगलं दूध काचले धरीसन ऱ्हास. हळूहळू उतरस. पानीवालं दूध लगेच पळस, आनि कडले निळं दिसस." त्यांनी आम्हा सगळ्या बायकांना ते इतकं शिकवलं की पुढे कुठेही दूध दिसलं की माझी मान आपोआप तिरकी व्हायची.

आमच्या मास्तरांना फार आनंद झाला. ते जमलेल्यांना काचेचं भांडं, उकळतं पाणी, जंतू वगैरे समजावू लागले. नानांनी त्यांना मध्येच थांबवलं. "मास्तर, जंतू तुम्ही देखा. मी पानी देखस."

पण कष्ट बघायला हवे होते त्या माणसाचे. रोज परत आलेल्या बाटल्या धुण्याचा सोडा घातलेल्या कढत पाण्यात उकळायच्या, काथ्याने घासायच्या, तीनदा विसळायच्या आणि कुंपणाच्या काटक्यांवर उलट्या टांगायच्या. पुलावरून ते कुंपण चमकताना दिसायचं. म्हशी त्या किणकिणाटाला बिचकल्या, आठवडाभर दूध चोरलं त्यांनी. नाना प्रत्येकीपाशी जाऊन बाटली दाखवून आले म्हणे, की बाई, ही तुझ्याच दुधाची आहे, घाबरू नको.

आणि मग आमच्या गल्लीने घोटाळा केला.

नानांची अट साधी होती. आज भरलेली बाटली घ्यायची, कालची रिकामी धुऊन परत द्यायची. आता तुम्हीच सांगा, दुसऱ्याचं भांडं कोणी रिकामं परत देतं का? आमच्या हातून ते व्हायचंच नाही! मी पहिल्याच दिवशी बाटलीत मूठभर शेंगदाणे घातले. पलीकडच्या मारवाडी शेठाणींनी खडीसाखर घातली. कुणी तूरडाळ, कुणी गुळाचा खडा. कोपऱ्यावरच्या काकूंनी तर कैरीच्या लोणच्याचा खार घातला, आणि वर निरोप दिला की नानांना तिखट सोसत नसेल तर अक्कांना द्या.

तिकडे गोठ्यात हाहाकार. डाळ पाण्यात फुगून बसली, ती गळ्यातून निघेना. नाना तारेचा आकडा करून एकेक दाणा उपसत बसले. गुळाने मुंग्या आल्या, त्या म्हशींच्या कानापर्यंत गेल्या. आणि लोणच्याची बाटली तीनदा उकळूनही तिच्यात घातलेलं दूध नासलं ते नासलंच.

दुसऱ्या दिवशी नाना गल्लीच्या मधोमध सायकल लावून गरजले, "माय वं! बाटलीमा काही टाकू नका! माले रिकामी बाटली जोयजे, रिकामी!"

"खाली बरतन परत द्यायचं?" शेठाणींनी कानांवर हात ठेवले. "पाप लागेल, नाना!"

मी तर भांडायलाच उतरले. "हे बघा नाना, मी सावद्याची आहे. आमच्याकडे रिकामं भांडं परत आलं तर त्याचा अर्थ एकच, या घरचा नि त्या घरचा संबंध संपला. आम्ही तुमच्याशी संबंध तोडायचा का?"

 हातातली बाटली नानांनी सायकलच्या पिशवीत ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा ठेवली. "माले ठाऊक शे, ताई," एवढंच म्हणाले. मला वाटलं, जिंकले मी.

शेवटी तोड निघाली. बाटली रिकामी द्यायची आणि काय द्यायचं ते नानांच्या हातावर ठेवायचं. मग काय विचारता! दर घरी बाटलीबरोबर चिमूटभर साखर. गल्ली संपेपर्यंत नानांच्या तोंडात साखर, खिशात डाळ, टोपीत शेंगदाणे. आमच्या गल्लीनंतर ज्या गल्लीत जायचे, तिथले लोक म्हणायचे, नानांना बोलताच येत नाही, तोंड भरलेलं असतं. तो त्या गल्लीवर उपकारच होता म्हणा.

आता मुख्य गोष्ट सांगते.

नाना गल्लीत यायच्या आधी रोज स्टँडवर जायचे. शिरपूरच्या पहिल्या गाडीच्या कंडक्टरकडे एक बाटली द्यायचे, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. आमच्या खिडकीतून ते दिसायचं. आणि संध्याकाळी, दुसरी धार आटोपून, पुन्हा स्टँडवर. शिरपूरची गाडी यायची, कंडक्टर रिकामी बाटली द्यायचा. आम्हाला वाटायचं, शिरपूरला कुणी मोठं गिऱ्हाईक धरलंय.

एका संध्याकाळी मी भाजी घेऊन येत होते. नाना स्टँडच्या पत्र्याखाली उभे, हातात ती बाटली. मी चेष्टेने म्हटलं, "काय नाना, शिरपूरचं गिऱ्हाईक बरं शिस्तीचं! लख्ख धुऊन पाठवतं बाटली. आमच्यासारखं नाही."

"हां," नाना म्हणाले. "रिकामी येस."

आणि त्यांनी ती बाटली उजेडात धरली, उलटी केली, आणि तळहातावर झटकली. काही पडलं नाही. पुन्हा झटकली. मग काखेत मारून पुलाकडे निघाले.

मला काही कळेना. दुसऱ्या दिवशी देवपुरात जाऊन अक्कांना विचारलं, तेव्हा कळलं. ती बाटली व्याह्यांच्या घरी जात होती. रोज. पाऊस असो, थंडी असो, गाडी बंद पडो. बघा म्हणावं, काचेतून बघा, पाणी आहे का. व्याही दूध पितात की मोरीत ओततात, ठाऊक नाही. निरोप नाही, चिठ्ठी नाही. बाटली तेवढी धुऊन परत येते. अक्का पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "एक मीठना खडा जरी टाका व्हता ना त्यासनी, तरी हाऊ मानूस नाचता!"

घरी येताना पुलावर मी थांबले. काय बाई माणूस हा! आमच्या बाटलीत डाळीचा एक दाणा सापडला तर गल्ली डोक्यावर घेतो, आणि संध्याकाळी स्टँडवर उभा राहून बाटली झटकतो, एखादा दाणा पडावा म्हणून. मला त्याच्याशी केलेल्या त्या भांडणाची आठवण झाली, आणि "माले ठाऊक शे"ची.

दिवाळी गेली, वच्छी आली नाही. संक्रांत गेली. नानांची बाटली जातच होती. गल्लीत आता त्यांच्यावर कुणी हसेना. उलट शेठाणी रोज विचारायच्या, "आली का शिरपूरची?" आणि नाना मान हलवायचे. बाटल्यांचा धंदा मात्र चांगला चालला होता. लांबलांबची घरं नानांचं दूध मागायला लागली. नानांना त्याचं काही नव्हतं. एक घर काय म्हणतं, एवढंच त्यांना हवं होतं.

वर्ष फिरलं, पुन्हा आखाजी आली. आदल्या दिवशी माझी नणंद माहेरी यायची होती, म्हणून मी संध्याकाळी स्टँडवर गेले. काय सांगू तिथली गर्दी! प्रत्येक गाडीतून लेकी उतरत होत्या. बोचकी, पोरं, बांगड्यांचा आवाज, बापांच्या हाका. आणि त्या सगळ्या बापांच्या मध्ये नाना उभे होते, आपल्या रोजच्या जागी. बाकीचे लेकींना घ्यायला आलेले आणि हे रिकामी बाटली घ्यायला. मला त्यांच्याकडे बघवेना.

शिरपूरची गाडी आली. नाना सवयीने कंडक्टरकडे गेले. कंडक्टर हसला. "आज माझ्याकडे नाही, नाना. मागे बघा."

मागच्या दारातून वच्छी उतरली. अंगाने भरलेली, डोक्यावर पदर, एका हातात बोचकं आणि दुसऱ्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली ती बाटली. तिच्या मागून व्याही. कोट, टोपी, सगळं जिथल्या तिथे. नाना जागच्या जागी थिजले. वच्छी पुढे येऊन पाया पडेल असं मला वाटलं, पण ती हललीच नाही. तिचे डोळे बाटलीवर.

व्याह्यांनी तिच्या हातातली बाटली घेतली, फडकं सोडलं. बाटली भरलेली होती. पांढरी, गळ्यापर्यंत.

"नाना," व्याही म्हणाले, चांगलं खणखणीत, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं. "वरीसभर तुम्हनं दूध पिधं. रोज उजेडमा धरं. माले पानी सापडनं नही. मंग म्हतलं, आपली बाटली किती दिन रिकामी धाडानी? मी बी म्हैस लिन्ही. हाई आमना घरनं दूध शे." त्यांनी बाटली पुढे केली. "धरा उजेडमा."

शिरपूरचे उतारू थांबले. हमाल थांबले. माझी नणंद मला "वहिनी, वहिनी" करत होती, मी तिचा हात दाबून धरला.

नानांनी बाटली घेतली. सूर्य पत्र्याच्या खाली आला होता, उजेड अगदी समोरून. नानांनी डावा डोळा मिटला, बाटली वर धरली, तिरकी केली, सरळ केली.

दूध काचेवरून झर्रकन पळालं. कड निळी होती. मी चार हातांवरून बघत होते, आणि मला नानांनीच शिकवलेलं होतं.  मनात म्हटलं, देवा, आज या माणसाची जीभ धरून ठेव. आजचा दिवस. वच्छीने डोळे मिटून घेतले होते. नानांचे ओठ हलले. ते ओठ मला चांगले ठाऊक होते, आणि पुढे काय येतं तेही.

नानांनी बाटली खाली घेतली. वच्छीकडे पाहिलं. मग मेणकागदाची टोपी उपटली, बाटली तोंडाला लावली आणि भर स्टँडवर, उभ्याने, थेंबही न ठेवता ते सगळं दूध पिऊन टाकलं. मिशा धोतराच्या सोग्याने पुसल्या.

"याही," ते म्हणाले, "हाई दूध शे."

आणि मग, बहुतेक तेवढं पुरेसं वाटलं नाही म्हणून, स्टँडकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "चोख शे!"

व्याह्यांनी त्यांना मिठी मारली. वच्छी तिथेच, बोचक्यावर बसून, हुंदके देऊन रडायला लागली. तिला वाटलं होतं, आता पुन्हा उलटी गाडी धरावी लागणार.

दुसऱ्या दिवशी सणाच्या सकाळी वच्छी नानांच्या पुढे धावत आमच्या दारात आली. तीच जुनी वच्छी. माझ्या कानाशी लागून म्हणाली, "म्हैस आटायला आली होती हो. बाटली अर्धीच भरली. सासूबाई म्हणाल्या, सुनेने माहेरी अर्धी बाटली न्यायची का? गळ्यापर्यंत हवी. आणि वाटीभर पाणी ओतलं! मी गाडीत देवाचं नाव घेत आले."

तेवढ्यात नाना आले. मला कुठे राहवतंय! मी म्हटलं, "काय हो नाना, काल मला त्या बाटलीची कड निळी दिसली."

नानांनी गल्लीच्या दोन्ही टोकांकडे बघून घेतलं. मग हळूच म्हणाले, "ताई, मन्हा डोया आते पहिलासारखा नही ऱ्हायनात. वय व्हयनं."

मागे वच्छीने पदर तोंडात कोंबला. नानांनी तिच्याकडे बघायचं टाळलं. माझी रिकामी बाटली उचलली, सवयीने सूर्याकडे धरली आणि म्हणाले, "तळमा जिरं शे, ताई. एक दाना. नीट धुईसन ठेवत जा."

मला हसू आवरेना, आणि हसता हसता डोळे भरून आले. नानांनी रोजच्यासारखा हात पुढे केला. मी आत गेले, डबा उघडला आणि त्यांच्या तळहातावर साखर ठेवली. चिमूटभर नाही, चांगली मूठभर.